गॉरमेन्घास्ट पुन्हा छोट्या पडद्यावर यायचं असेल, तर कसं यावं?

दगडफूल

(कथानकातले महत्त्वाचे प्रसंग, मृत्यूंसकट, या धाग्यात उघड होतात. आधी पुस्तक वाचायचं असेल तर इथेच थांबा.)

बीबीसीची 'गॉरमेन्घास्ट' मालिका नुकतीच पुन्हा सलग पाहिली आणि मनात बरंच साचलंय. इंग्रज लेखक मर्विन पीकच्या 'टायटस ग्रोन' (१९४६) आणि 'गॉरमेन्घास्ट' (१९५०) या दोन जाडजूड कादंबऱ्या तासाभराच्या चार भागांत बसवल्या होत्या. बीबीसी टूवर १७ जानेवारी २००० पासून दर सोमवारी एक भाग. पटकथा माल्कम मॅकेची, दिग्दर्शन अँडी विल्सनचं. नटसंच तर डोळे दिपवणारा: सरदाराचा नोकर फ्ले याच्या भूमिकेत ख्रिस्तोफर ली, सरदार लॉर्ड सेपलक्रेव्ह इयन रिचर्डसन, त्याची बायको गर्ट्रूड सीलिया इमरी, मुख्य आचारी स्वेल्टर रिचर्ड ग्रिफिथ्स, शिवाय फिओना शॉ, झोई वॉनमेकर, स्टीफन फ्राय, स्पाइक मिलिगन. स्टीअरपाइक झाला होता जोनाथन ऱ्हिस मायर्स.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॉरमेन्घास्ट हा एक अवाढव्य, ढासळत चाललेला किल्ला. त्याचा शहात्तरावा सरदार सेपलक्रेव्ह. त्याला मुलगा होतो, टायटस, सत्त्याहत्तरावा. किल्ल्यात प्रत्येक दिवसाचा विधी ठरलेला. सरदाराने कुठल्या वेळी कुठल्या जिन्याने उतरायचं, अंगावर काय घालायचं, हाताने कुठली खूण करायची, हे सगळं ग्रंथांत लिहून ठेवलेलं. कशासाठी, ते कुणालाच आठवत नाही. याच किल्ल्याच्या भटारखान्यातून स्टीअरपाइक नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पळतो, छपरांवरून चढत वर येतो आणि एकेक माणूस वापरत, मारत सत्तेकडे सरकतो.

माझं म्हणणं असं: मालिकेने माणसं मिळवली, पण किल्ला तिच्या हातून निसटला. कादंबरीत मुख्य पात्र किल्लाच आहे. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी टायटस जेमतेम वर्षा-दीड वर्षाचा होतो. ज्याच्या नावाने पुस्तक आहे तो अख्खं पुस्तक पाळण्यात! पीकला त्याची घाई नाही. स्टीअरपाइक छपरांवरून जातो तेव्हा त्याला उंचावर एक फरसबंद मैदान दिसतं, माणसाचा पाय वर्षानुवर्षं न लागलेलं. एका पडक्या बुरुजाच्या माथ्यावर पाणी साचलंय आणि त्यात एक घोडी आपल्या शिंगरासोबत पोहतेय. कथानकाला या घोडीचा काडीचा उपयोग नाही. पण ती वाचल्यावर कळतं की या जागेची हद्द कुणालाच ठाऊक नाही. पटकथेत सगळ्यात आधी कात्री लागते ती अशाच गोष्टींना.

आणि त्या गेल्या की उरतं काय? एक हुशार, दुष्ट पोरगा आणि त्याच्या चढाईची गोष्ट. मालिका तशीच झाली. पाहायला मजा येते, पण स्टीअरपाइक ज्या संथपणाविरुद्ध उभा आहे तो संथपणाच प्रेक्षकाने अनुभवलेला नसतो. मग त्याने आग लावली काय आणि खून केला काय, नक्की काय मोडलं ते जाणवत नाही.

२०१८ साली फ्रीमँटल या निर्मितीसंस्थेने हक्क घेतल्याची बातमी आली होती. पुढच्या वर्षी शोटाइम या अमेरिकन वाहिनीसाठी टोबी व्हिटहाउसच्या नेतृत्वाखाली लेखन सुरू झाल्याचंही वाचलं. त्यातून पडद्यावर अजून काही आलेलं नाही. पण कधीतरी कुणीतरी हात घालणारच. तेव्हा काय करायला हवं, काय टाळायला हवं, यावर इथल्या वाचकांचं मत ऐकायचंय.

पिंपळपान

ख्रिस्तोफर लीसाठी ही मालिका कितीही वेळा पाहीन. इतका उंच माणूस, इतका भारदस्त आवाज, आणि भूमिका अशा नोकराची की जो दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नाही. चालताना फ्लेचे गुडघे कडकड वाजतात, तेही आठवतं. हद्दपारीनंतरचा रानातला फ्ले पाहून घशात आवंढा आला होता.

निशाचर

दगडफूल, लेख आवडला, पण मुख्य मुद्द्याशी सहमत नाही.

टीव्हीला कुणाच्या तरी पाठीमागे चालावं लागतं. पानावर तुम्ही थांबू शकता, मागे जाऊ शकता, एकच वाक्य तीनदा वाचू शकता. पडद्यावर वेळ पुढेच जातो. म्हणून पटकथाकाराने स्टीअरपाइकचा हात धरला तर मी त्याला दोष देणार नाही. तो एकटाच असा आहे की ज्याला काहीतरी हवंय. बाकी सगळे विधीच्या रुळावरून चालतात.

शिवाय किल्ला अगदीच निसटला असंही नाही. ग्रंथालय जळल्यानंतरचा इयन रिचर्डसन आठवा. पुस्तकं हा त्या माणसाचा एकुलता एक आसरा. तो गेल्यावर त्याचं मन हळूहळू घसरतं आणि तो स्वतःला घुबड समजायला लागतो. रिचर्डसनने ते करताना एकदाही हसू येऊ दिलं नाही. घुबडासारखा बसलेला म्हातारा सरदार म्हणजे केवढा धोका! जरा तोल गेला असता तर प्रहसन झालं असतं. मला तरी त्या प्रसंगात किल्ल्याचं अख्खं वजन जाणवलं.

दगडफूल

निशाचर, रिचर्डसनबद्दल शंभर टक्के मान्य. तो या मालिकेचा कळस आहे. पण बघा, तुम्ही दिलेलं उदाहरणच माझ्या बाजूने जातं. तो प्रसंग चालतो कारण तिथे कॅमेरा थांबलाय आणि स्टीअरपाइकचा डाव क्षणभर बाजूला राहिलाय.

स्टीअरपाइकच्या दिसण्याबद्दलही बोलायला हवं. पुस्तकात तो वर चढलेल्या खांद्यांचा, फिकट, एकमेकांजवळ असलेल्या डोळ्यांचा पोरगा आहे. पहिल्यांदा भेटतो तेव्हाच नकोसा वाटतो. तरीही भटारखान्यातल्या नरकातून तो सुटावा असं आपल्याला वाटतं आणि पुढे त्या वाटण्याचीच लाज वाटायला लागते. पीकने वाचकाला असं गुंतवलंय. ऱ्हिस मायर्स ताकदीचा नट आहे, पण देखणा आहे. देखण्या बंडखोराची बाजू प्रेक्षक आपसूक घेतो. मग टायटसच्या जुळ्या आत्या कोरा आणि क्लॅरिस कोंडून उपाशी मरतात, तिथपर्यंत तो त्याच्याच बाजूने असतो. हे मला खटकतं. निवड करतानाच हा प्रश्न निम्मा सुटू किंवा बिघडू शकतो.

कोळिष्टक

टीव्हीच्या आधी आणि नंतर रेडिओने काय केलं ते इथे यायला हवं. ब्रायन सिबलीने बीबीसी रेडिओ ४ साठी १९८४ मध्ये दोन नभोनाट्यं लिहिली, पहिल्या दोन पुस्तकांवर एकेक. त्यात स्टीअरपाइक होता स्टिंग, म्हणजे गायक स्टिंग. त्याला या पुस्तकांनी इतकं झपाटलं होतं की चित्रपटाचे हक्क त्याने स्वतःकडे घेतले होते आणि मुलीचं नाव टायटसच्या बहिणीवरून फ्युशिया ठेवलं. पुढे २०११ मध्ये, पीकच्या जन्मशताब्दीला, सिबलीनेच तिन्ही पुस्तकांवर सहा भागांची नवी मालिका केली.

दोन्ही वेळा त्याने निवेदक ठेवला आणि त्याला नाव दिलं 'चित्रकार'. दुसऱ्या वेळी तो आवाज डेव्हिड वॉर्नरचा होता. मला ही युक्ती फार महत्त्वाची वाटते. पीकची पुस्तकं ज्याने वाचली त्याला ठाऊक आहे की निम्मा आनंद त्याच्या वाक्यांत आहे. सावली भिंतीवरून कशी सरकली, धूळ कुठे बसली, स्वेल्टरच्या आवाजाला तुपकट ओशटपणा कसा आहे, हे सांगणारा कुणीतरी लागतो. टीव्ही मालिकेने तो आवाज काढून टाकला आणि ती भाषा रंगांत आणि कपड्यांत शोधली.

पहिल्या पुस्तकातली ती न्याहारी आठवते ना? टायटसच्या पहिल्या वाढदिवसाची. सगळं कुटुंब टेबलाभोवती बसलंय, कुणी कुणाशी मोकळं बोलत नाही, आणि पीक एकेकाच्या डोक्यात शिरतो. कोरा, किल्ल्याचा डॉक्टर, फ्युशिया, डॉक्टरची बहीण अर्मा, क्लॅरिस, गर्ट्रूड, नॅनी स्लॅग, शेवटी सेपलक्रेव्ह. प्रत्येकाचं मनातलं बोलणं वेगळ्या लयीत, पुष्कळदा विरामचिन्हांशिवाय. हे पडद्यावर कसं आणणार? माझ्या मते एक भाग निव्वळ या न्याहारीला द्यावा. टेबल तेच, वेळ तीच, आठ डोकी आणि आठ आवाज. प्रेक्षकाला पन्नास मिनिटं त्या खोलीतून बाहेर पडू देऊ नये.

सांजवात

मी पुस्तक वाचलेलं नाही, मालिकाही पाहिलेली नाही, तरी धागा वाचत बसले. (इशारा वाचून पुढे आले, त्यामुळे तक्रार नाही.) यात जादू, राक्षस, भुतं वगैरे आहेत का? फँटसी म्हणतात म्हणून विचारते. आणि सुरुवात कुठून करावी?

कोळिष्टक

सांजवात, जादू औषधालाही नाही. भूत नाही, शाप नाही, चेटूक नाही. असा किल्ला पृथ्वीवर कुठेच नाही, एवढ्याच अर्थाने ती फँटसी. सुरुवात 'टायटस ग्रोन'पासूनच करा. पहिली शंभर पानं अंगावर येतील, घाई करू नका. रोज एखादं प्रकरण मोठ्याने वाचलंत तर लय लवकर सापडेल.

रेषा

कोळिष्टक यांनी 'चित्रकार' शब्द काढला म्हणून लिहिते. पीक आधी चित्रकार, मग कादंबरीकार. 'ट्रेझर आयलंड', 'ॲलिस', कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाची कविता, या सगळ्यांसाठी त्याने काढलेली चित्रं आजही छापली जातात. आणि या कादंबऱ्यांची हस्तलिखितं त्याने स्वतःच चित्रांनी भरून टाकलीत. लिहिता लिहिता समासात फ्लेचं नाक, स्टीअरपाइकचा खांदा, फ्युशियाचे विस्कटलेले केस. माणूस आधी रेषेत दिसायचा आणि मग वाक्यात उतरायचा, असं ती पानं पाहताना वाटतं.

म्हणून माझा आग्रह ॲनिमेशनचा आहे. रंगीबेरंगी, गुळगुळीत नव्हे. शाईच्या बारीक आडव्या-उभ्या रेघांनी बांधलेलं, जवळजवळ काळंपांढरं. खरे नट घेतले की त्यांना पात्राच्या आकारात कोंबावं लागतं: पोटाला गाद्या बांधा, नाक चिकटवा. सीलिया इमरीचंच बघा. काम सुरेख आहे, पण पुस्तकातली गर्ट्रूड दाराच्या चौकटीत मावत नाही, तिच्या लाल केसांत पक्षी वस्तीला येतात आणि पांढऱ्या मांजरांचा लोंढा तिच्यामागून वाहतो. ही बाई रेषेतच खरी वाटेल. जुळ्या आत्यांचा चहाही तसाच. भिंतीतून थेट आडव्या फुटलेल्या झाडाच्या खोडावर, खाली खोल दरी, आणि दोघी त्यावर टेबल मांडून बसलेल्या. सेटवर ते सेटच दिसणार.

गोरेगाव पूर्व

मी मालिकांच्या कलाविभागात काम करतो, म्हणून या अंगाने थोडं.

रेषा, चहाच्या झाडाबद्दल पटलं. पण मालिकेचा कलादिग्दर्शक ख्रिस्तोफर हॉब्ज याचं काम एवढ्या सहज बाजूला सारू नका. त्याने इंग्रजी किल्ल्याचा नेहमीचा करडा दगड आणि मशाली टाळल्या आणि पूर्वेकडे, तिबेट-चीनकडे पाहिलं. पीकचा जन्म १९११ मध्ये चीनमधल्या कुलिंगला झाला, वडील मिशनरी डॉक्टर होते आणि बालपण तिएन्त्सिनमध्ये गेलं. तटबंदीत राहणारे थोडे लोक, बाहेर गरिबांची दाट वस्ती, न संपणारे समारंभ, हे त्याने लहानपणी पाहिलेलं. म्हणजे रंग उधळले ते हौसेखातर नाहीत. तिथे मालिकेने पुस्तकाच्या मुळाशी हात घातला होता.

फसलं ते अंतर दाखवताना. भव्यता दाखवायची म्हटलं की पहिला विचार लांबून घेतलेल्या चित्राचा होतो: मिनिएचर, म्हणजे छोटी प्रतिकृती, उभी करा, वरून कॅमेरा फिरवा. त्या काळच्या डिजिटल जोडणीमुळे ते शॉट आज खेळण्यातले वाटतात. आणि आज कितीही पैसा ओतून ते खरे केले तरी काम होणार नाही असं मला वाटतं. किल्ला पूर्ण दिसला की तो संपला. प्रचंड जागा दाखवायला माणूस चालताना दाखवावा लागतो. फ्ले एका दारातून निघाला की पुढच्या दारापर्यंत त्याला खरोखर वेळ लागू द्या. एकच बोळ बांधा, पण प्रकाश बदलून, खिडकी झाकून, जमिनीवर पाणी टाकून तो दहा बोळांसारखा वापरा. आवाज तर फुकटात मिळतो. दोन मजले खाली पडलेली घागर वर कशी ऐकू येते, एवढ्याने इमारत उभी राहते. आम्ही दैनंदिन मालिकेच्या तुटपुंज्या जागेत हेच करतो, फक्त तिथे तेवढा वेळ थांबायची परवानगी नसते.

निशाचर

किल्ला पूर्ण दिसला की संपला, हे मनापासून पटलं. माझा विरोध थोडा मवाळ होतोय. पण मग भाग किती? चार तासांत हे शक्य नाही, आणि आठ-दहा तास दिले तर कथानक पुरेल का? आपल्याकडे रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवरची 'गहिरे पाणी' लोकांना आवडली, त्याचं एक कारण म्हणजे कथा आणि भाग यांचं माप जुळत होतं. इथे माप कसं जुळवायचं?

चकवा

सगळे पहिल्या दोन पुस्तकांवरच बोलताहेत. 'टायटस अलोन' (१९५९) कुणीच कसं काढत नाही?

मान्य आहे, ते तुटक आहे. पीक तोवर आजारी होता, हात थरथरत होते, मूळ आवृत्तीत बरीच काटछाट झाली होती आणि लँग्डन जोन्सने हस्तलिखितांवरून नीट केलेली आवृत्ती १९७० मध्ये आली, पीकच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. पण ते वगळलं की टायटसच्या बंडाला अर्थ राहत नाही. तो किल्ला सोडून जातो आणि काचेच्या इमारतींच्या, पाळत ठेवणाऱ्या यंत्रांच्या जगात पोहोचतो. तिथे गॉरमेन्घास्टचं नाव कुणी ऐकलेलं नाही. त्याला स्वतःलाच शंका येते, आपण ते सगळं मनात तर रचलं नाही ना?

पीक १९४५ मध्ये, युरोपातलं युद्ध संपल्यावर लगेच, एका नियतकालिकासाठी चित्रं काढायला बेर्गन-बेल्झनच्या नाझी छळछावणीत गेला होता. मरणाऱ्या माणसांसमोर बसून त्याने रेखाटनं केली. तिसऱ्या पुस्तकातला तो कारखाना, तिथला गोडसर वास, छावणीतून आलेली ब्लॅक रोझ नावाची बाई, हे सगळं तिथून आलंय असं मी मानतो. टीव्हीवाले हे पुस्तक 'वेगळ्याच प्रकारचं' म्हणून सोडतात. मला तर तोच त्याचा खरा धक्का वाटतो. दोन हंगाम आपल्याला तटबंदीत कोंडून ठेवल्यावर तिसऱ्यात एकदम विमानं आणि काच दाखवा. टायटसइतकेच प्रेक्षकही हादरतील.

पिंपळपान

तिसरं पुस्तक मला सोसलं नाही, अर्ध्यात ठेवलं. चकवा, तुमचा प्रतिसाद वाचून पुन्हा काढते. बेल्झनचं मला ठाऊक नव्हतं.

दगडफूल

किती छान प्रतिसाद आलेत! चर्चा माझ्या लेखाच्या बरीच पुढे गेली. निशाचर यांच्या मापाच्या प्रश्नाला माझ्या परीने उत्तर देतो.

भाग विधींवर बेतावेत. कथानकावर नाही. पहिल्या पुस्तकात ते आयते आहेत. तटाबाहेर राहणाऱ्या कारागिरांच्या लाकडी मूर्तींची निवड: वर्षभर खपून केलेल्या मूर्तींतल्या फक्त तीन ठेवतात आणि बाकीच्या जाळतात. ज्या दालनात त्या ठेवतात तिथे रॉटकॉड एकटा धूळ झटकत बसतो, बघायला कुणी येत नाही. एवढ्या एका गोष्टीत किल्ल्याचा सगळा निर्दयपणा येतो. मग नामकरण, जिथे बाळाच्या हातून पवित्र ग्रंथाचं पान फाटतं. मग ग्रंथालयातला मेळावा आणि आग. कोळिष्टक यांची न्याहारी. शेवटी तळ्यावरचा समारंभ, जिथे वर्षाचा टायटस हातात दिलेला दगड आणि वेल पाण्यात टाकून देतो.

म्हणजे प्रत्येक भागात एक विधी. प्रेक्षकाला तो आधी समजावून सांगायचा नाही, पूर्ण होऊ द्यायचा. दुसऱ्या-तिसऱ्या भागापर्यंत त्याला तो सवयीचा होईल, पुढे काय येणार ते तो ओळखू लागेल. आणि मग स्टीअरपाइक एकेका विधीत थोडी थोडी लबाडी घुसवेल. तेव्हा प्रेक्षक बंडखोराच्या बाजूने असेल की ग्रंथांच्या, हे त्याचं त्यालाच कळू नये. निशाचर, यात तुमचा 'ज्याला काहीतरी हवंय' तो माणूस शाबूत राहतो. पहिल्या पुस्तकाला आठ भाग, दुसऱ्याला दहा, आणि चकवांसाठी तिसऱ्याला चार.

केडालाही नीट जागा द्या. टायटसची दाई, तटाबाहेरच्या वस्तीतली. तिच्यावरून दोन कारागीर रात्री एकमेकांशी झुंजून मरतात. मालिकेत ती आली-गेली कळत नाही, आणि तिच्याशिवाय बाहेरच्या लोकांना चेहरा राहत नाही. तिची मुलगी ही टायटसची दूधबहीण. पुढे तिच्याच ओढीने तो किल्ल्याला पाठ दाखवायला शिकतो.

ॲनिमेशनबाबत मात्र मन होत नाही. रेषा, तुमचं चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मोहही झाला. पण रिचर्डसनचे डोळे शाईत कसे मिळणार?

रेषा

पीकने स्वतः शाईत असे डोळे काढलेत. त्याच्या खलाशाची चित्रं एकदा बघा, मग बोलू.

सांजवात

'टायटस ग्रोन' मागवलं.

कोळिष्टक

दगडफूल, विधींवर भाग बेतायची कल्पना मला फार आवडली. संगीताचाही विचार त्यात करा. मालिकेला रिचर्ड रॉडनी बेनेटचं संगीत होतं आणि गायनवृंदासाठी जॉन टॅव्हनर. प्रत्येक विधीला स्वतःचा सूर दिला तर स्टीअरपाइकने केलेला फरक कानालाही कळेल.

एकच विनंती नव्या करणाऱ्यांना, फ्युशियाच्या मरणाबद्दल. पुराचं पाणी चढलंय, ती खिडकीत उभी आहे, मरणाचा विचार तिच्या मनात घोळतोय, पण ती काही ठरवत नाही. तेवढ्यात दारावर थाप पडते, ती दचकते, पाय घसरतो, डोकं आपटतं आणि ती पाण्यात जाते. आत्महत्या म्हणावं तर नाही, अपघात म्हणावं तर पुरता तोही नाही. किल्ल्यातल्या कुणालाच हे नीट कळत नाही. फक्त वाचकाला कळतं. पटकथाकाराला इथे फार मोह होईल, तिच्याकडून उडी मारवण्याचा किंवा स्टीअरपाइकला त्या खोलीत आणण्याचा. कृपा करून तसं करू नका. दारावरची थाप ठेवा.

निशाचर

फ्युशियाच्या बाबतीत कोळिष्टक यांना पूर्ण पाठिंबा. दहा भाग मात्र दुसऱ्या पुस्तकाला कमीच पडतील असं वाटतं, दगडफूल. बेलग्रोव्ह आणि बाकीचे मास्तर, अर्माची मेजवानी, रानातला फ्ले, विधींचा प्रमुख बार्क्वेंटीन याचा खून आणि त्यात भाजलेला स्टीअरपाइक, वर तो अख्खा पूर. उद्या पुस्तक समोर ठेवून मांडून बघतो आणि इथेच टाकतो.